पंचेचाळीस तुकडे

मी कात्री बोलतेय. कापडाची नाही, केसांचीही नाही. बोटभर लांबीची, टोकदार. एका प्रयोगशाळेत वीस वर्षं मी माणसांची गुणसूत्रं कापली. खरी नव्हे हो, त्यांचे फोटो.

एरवी गुणसूत्रं पेशीत सुटलेल्या दोऱ्यासारखी पसरलेली असतात. पेशी दुभंगायची वेळ आली की ती घट्ट गुंडाळली जातात, आणि प्रत्येकाची नक्कल त्याच्या कमरेला चिकटून उभी राहते. नेमकं तेव्हाच औषध घालून विभाजन थांबवायचं आणि फोटो काढायचा. मग प्रयोगशाळेतल्या आमच्या तंत्रज्ञ बाई मला घेऊन बसत. शेचाळीस तुकडे कापायचे आणि जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायचे. पंखा बंद, शिंकायचीही चोरी.

एकदा एका नवराबायकोचं रक्त आलं. तिची तीन बाळं पोटातच गेली होती. सोबत सासूबाई होत्या. "दोष कुणात आहे तेवढं सांगा, म्हणजे हिला माहेरी पाठवायला बरं," त्या बाईंना म्हणाल्या. सून खाली मान घालून बसली होती. मला तिची फार कीव आली.

तिचे शेचाळीस तुकडे बरोबर भरले. नवऱ्याचे मात्र पंचेचाळीसच! बाई टेबलाखाली रांगल्या, केराची टोपली उपडी केली, आणि शेवटी खापर माझ्यावर. "ही कात्रीच बोथट झालीय. एक तुकडा हरवला, डॉक्टर." नाचता येईना अंगण वाकडं! दुसऱ्या पेशीचा फोटो कापला, तिथेही पंचेचाळीस. वीस पेशी मोजल्या तेव्हा कळलं, हरवलं काहीच नव्हतं. दोन गुणसूत्रं जोडली जाऊन एक झाली होती.

डॉक्टरांनी तिघांना टेबलापाशी बोलावलं. "तुमच्या मुलाची तब्येत ठणठणीत आहे, कारण माल सगळा जागेवर आहे. पण बीजपेशी घडताना वाटणी करायची तर हा जोड आडवा येतो. कधी जास्त जातं, कधी कमी, आणि बाळ टिकत नाही. बऱ्याचदा हे आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं."

सासूबाईंनी मुलाचा पुठ्ठा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "याच्या आधी माझीही दोन गेली. माझंही रक्त बघा."

त्यांचा फोटो मीच कापला. तोच जोड निघाला.

"एवढासा?" त्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाल्या. "असा जोड असला तरी वाटणी कधीतरी नीट होते ना, डॉक्टर?"

"होते, मावशी. म्हणून तर तुमचा मुलगा समोर उभा आहे."

त्या सुनेकडे वळल्या. "मला बोल लावणारी सासू कधीच गेली. तुला लावणारी इथे उभी आहे. काय बोलायचं ते बोल."

सून म्हणाली, "आधी बसा, आई. केव्हाच्या उभ्या आहात."

आता जोड्या संगणक लावतो. मी खणात पडून असते, थोडी गंजलेय. जाता जाता एवढंच सांगते: घरात मूल टिकत नसेल तर दोघांचंही रक्त तपासा. आणि निकाल काहीही येवो, सुनेला माहेरी पाठवू नका.