आठवा दिवस

रामधनने तीन नंबरच्या शेडचे पंखे एकेक करून बंद केले आणि पिंजऱ्यांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर तो उभा राहिला. पंख्यांचा आवाज विरला. पांढऱ्या कोंबड्यांचा कलकलाट हळूहळू खाली बसला. माना वळवून वळवून त्या त्याच्याकडे पाहू लागल्या. तो जमिनीकडे पाहत होता. उजव्या अंगाला, वरच्या ओळीत, एक बारीकसा आवाज झाला. खिक्. मग मागे कुठेतरी दुसरा. मग दोन एकदम.

"आला," तो म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या डॉक्टर सुकेशनी यांनी मान हलवली. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून त्या अकोल्याहून तिसऱ्यांदा आल्या होत्या. कोंबड्यांच्या घशातले नमुने त्यांनी आधीच तपासायला पाठवले होते आणि अहवाल त्यांच्या हातात होता. तरी रामधनने ऐकून सांगितल्याशिवाय त्या बोलल्या नव्हत्या. इंझोरीच्या या फार्मवर सतरा वर्षं राहिलेल्या त्या माणसाच्या कानावर त्यांचा भरवसा होता.

बाहेर फार्मचे मालक दौलतराव कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते.

"तीनदा लस देली मॅडम," ते म्हणाले. "तरी बी वापस? दोन वर्षांत चौथी खेप हाय हे."

"लस चुकीची नव्हती. विषाणू बदललाय," सुकेशनी म्हणाल्या. "तुमच्या गावात बहुरूपी यायचा का, भाऊ?"

"येत होता ना. आज पोलीस, उद्या जोगी."

"तसंच आहे हे. लस पोलिसाला ओळखते. तो आता जोगी होऊन आलाय. एका कोंबडीतून दुसरीत जाताना तो जरा जरा बदलत राहतो. बहुतेक बदल वाया जातात. पण एखादा असा निघतो की लशीला तो दिसतच नाही, मग तोच सगळीकडे पसरतो."

"बरी झालेली कोंबडी तं बरी झाली ना?"

"दिसायला बरी. विष्ठेतून महिनोन् महिने विषाणू टाकत राहते. तुमची चार शेडं, चार वयांच्या कोंबड्या. म्हाताऱ्या गेल्या की तरण्या येतात, त्यांना शेजारच्या शेडातून मिळतं. सतरा वर्षांत हा फार्म एक दिवससुद्धा पूर्ण रिकामा झालेला नाही. त्यानं जावं तरी कशाला?"

दौलतरावांनी विचारलं, "मंग?"

"चारही शेडं एकदम खाली करा. सहा आठवडे एकही पक्षी नको. कामकऱ्यांच्या घरचीसुद्धा कोंबडी नको."

रामधन हात धुवायला गेला. औषधाच्या पाण्यात त्याने हात बुडवले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

शेडं रिकामी करायला पाच दिवस लागले. मंगरूळपीरचे व्यापारी गाड्या घेऊन आले. पकडणारी माणसं दोन्ही हातांत पायांना धरून कोंबड्या बाहेर आणत होती, आणि रामधन एकेका पिंजऱ्याचं दार बंद करत पुढे सरकत होता. त्याला वाईट वाटत होतं की नाही, हे त्याला सांगता आलं नसतं. झोपेत हात अंगाखाली दबून मुंग्या येतात, मग त्याला चिमटा काढला तरी तो दुसऱ्याचाच वाटतो. रामधन आतून तसा झाला होता. गावातली माणसं म्हणत, रामधन खंबीर माणूस आहे.

दीड वर्षापूर्वी त्याची मुलगी पौर्णिमा गेली होती. वाशिमला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. डेंगू झाला. आठ दिवस दवाखान्यात होती. सात दिवस रामधन आणि त्याची बायको बेबीताई दोघंही तिच्या खाटेजवळ होते. आठव्या दिवशी सकाळी दौलतरावांचा फोन आला, एक नंबरच्या शेडात कोंबड्या शिंकू लागल्यात, तू येऊन ऐक. पौर्णिमाचा ताप उतरला होता. रामधन पहिल्या बसने आला, त्याने पंखे बंद केले, ऐकलं. दुपारी दीड वाजता दुसरा फोन आला.

त्या दिवशी काय झालं, हे बेबीताईने त्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. ती रडली नाही. तिने बोलणंच सोडलं. हो, नाही, जेवा, एवढंच. अंडी निवडायच्या खोलीत ती पूर्वीसारखीच बसे. पातळ कवचाची, सुरकुतलेली, वाकडी अंडी बाजूला काढी आणि चांगली ट्रेमध्ये लावी. हाताला सवय होती. मध्येच एखादं अंडं ती उजेडाकडे धरी आणि धरूनच बसे, मग शेजारची बाई ते तिच्या हातातून काढून घेई.

आता अंडीही नव्हती. रामधनने शेडं धुतली, गॅसच्या जाळाने पिंजरे भाजून काढले, भिंतींना चुना मारला. हे करताना त्याला पहिल्यांदाच शांततेचा त्रास होऊ लागला. सतरा वर्षं कानात भरून राहिलेला कलकलाट गेला होता आणि त्याच्या जागी काहीच आलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, चुन्याची बादली घेऊन तो आपल्या खोलीमागून चालला होता. फार्मच्या कोपऱ्यात टिनाच्या दोन खोल्यांत ते राहत. आतून बोलणं ऐकू आलं. कोणी पाहुणं आलंय असं वाटून तो थांबला. आवाज बेबीताईचा होता.

"...मंग तिसऱ्या दिवशी तिनं मोसंबी खाल्ली. दोन फोडी. म्हने, आई, आंबट हाय. म्या म्हनलं, खाय, आंबट असली तं असली. नर्सबाईनं सुई लावली तं हात आखडून घेतला. सोता नर्स होनार होती, अन् सुईले भेत होती."

मध्ये थांबून ती म्हणाली, "पानी पे."

आणि मग रामधनने ते ऐकलं. खिक्.

टिनाला खिळ्याचं एक भोक होतं. त्यातून त्याने पाहिलं. चुलीजवळ बांबूचं डालं पालथं घातलेलं होतं. बेबीताईने ते एका अंगाने उचलून धरलं होतं आणि खाली एक पांढरी कोंबडी पाय पसरून बसली होती. एक पाय वाकडा होता. गाड्या भरताना पकडणाऱ्यांनी लंगडी म्हणून बाजूला फेकली असेल आणि हिने पदराखाली घेतली असेल.

बादली खाली ठेवून आत जावं आणि कोंबडी घेऊन बाहेर पडावं, एवढंच काम होतं. तो गेला नाही. भिंतीला टेकून तो उकिडवा बसला.

"चवथ्या दिवशी," बेबीताई म्हणाली, "तिच्या मैत्रिनी आल्या..."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो पुन्हा तिथे बसला. तिसऱ्या दिवशीही. बेबीताई दिवस मोजून सांगत होती, एक एक. रामधनला ते सगळे दिवस माहीत होते, तो तिथेच होता. तरी मोसंबीचं त्याला आठवत नव्हतं. मैत्रिणींनी आणलेली पिवळी ओढणी आठवत नव्हती. सातव्या दिवशी ताप उतरला आणि पौर्णिमाने केस विंचरून मागितले, हे सांगून बेबीताई गप्प झाली. रामधन वाट पाहत राहिला. आत भांडं वाजलं. चूल फुंकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दुपारी तिने पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

असं तीनदा झालं. ती सातव्या दिवसापर्यंत येई, थांबे आणि पुन्हा पहिल्या दिवसावर जाई. रामधन रोज ठरवी, आज आठवा ऐकला की उद्या कोंबडी काढायची. दिवस जात राहिले. शेडांच्या भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि खोलीत कोंबडी शिंकत राहिली.

सहावा आठवडा संपत आला तेव्हा सुकेशनी तपासणीला आल्या. चारही शेडं त्यांनी फिरून पाहिली, फटींमध्ये बोट घालून पाहिलं.

"छान झालंय काम," त्या म्हणाल्या. "सोमवारी पिल्लं येतील. काका, कुठं एखादी राहिली तर नाही ना? एक राहिली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून."

रामधनने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"सोमवारी एक बी राहनार नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी बेबीताई नळावर गेली तेव्हा त्याने डालं उचललं. कोंबडी पळाली नाही. त्याने तिला उजव्या हाताने छातीखाली धरलं. तळहाताला तिच्या श्वासातली बारीक घरघर लागत होती. हजारो वेळा त्याने आजारी कोंबड्यांच्या माना मुरगळल्या होत्या. त्याला विचार करावा लागत नसे. त्याचा डावा हात तिच्या मानेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

दारात बेबीताई उभी होती. घागर कमरेवर होती. ती पुढे आली नाही, ओरडली नाही.

"अजून सांगाचं राह्यलं हाय तिले," ती म्हणाली.

दीड वर्षात ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. रामधनने कोंबडी खाली ठेवली आणि तिच्यावर डालं पालथं घातलं. घागर उतरवून घेतली. मग तो उंबऱ्यात बसला. तोंड बाहेर करून तो म्हणाला, "सामान बांध. धनजले भावाच्या घरी जाऊ."

सकाळी त्याने डॉक्टरांना फोन केला.

"मॅडम, एक कोंबडी राह्यली होती. आमच्या घरात. शिंकते."

त्यांनी विचारलं, "कुठंय ती आता?"

"आमी संग घेऊन जाऊन राह्यलो. खोलीची माती खोदून काढतो, चुना मारतो. डालं, गोनपाट जाळून टाकतो. अजून काय करू?"

"चपला, कपडे औषधात बुडवा. पिल्लं मी महिनाभर पुढं ढकलते. काका, गावातल्या कोंबड्यांजवळ तिला जाऊ देऊ नका. माणसाला काही होत नाही, पण कोंबड्यांना होतं. ती जगेल तितके दिवस हे पाळा."

"भावाचं घर शिवारात हाय, रिकामं पडलं हाय. जवळ कोनाचं घर नाही."

दौलतरावांना सांगायला तो स्वतः गेला. त्यांनी ऐकून घेतलं. पहिल्यांदा ते चिडले, मग त्यांचा विश्वास बसेना.

"एका लंगड्या कोंबडीपायी? सतरा वर्षं झाले रामधन. मुरगाळून टाक तिले, अन् रह्य. म्या काही म्हनत नाही."

"नाही जमलं, भाऊ."

"तुले? तुले नाही जमलं?"

दौलतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या शेडांकडे, आणि खुर्चीवरून उठून ते आत गेले.

दोन दिवस रामधनने खोलीची माती हातभर खोदली, चुना पसरला, भिंती धुतल्या. तिसऱ्या दिवशी दोघं मंगरूळपीरच्या स्टँडवर कारंज्याच्या बसमध्ये बसले. बेबीताई खिडकीशी बसली. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून कोंबडीचं डोकं बाहेर होतं. कंडक्टर आला, त्याने पिशवीकडे पाहिलं, पण गर्दी बरीच होती. दोन तिकिटं फाडून तो पुढे गेला.

बस गाव सोडून रस्त्याला लागली. काढलेल्या हरभऱ्याची रानं मोकळी पडली होती. रामधन समोरच्या सीटचा दांडा धरून बसला होता.

"आठव्या दिवशी तिनं तुमाले इचारलं होतं," बेबीताई म्हणाली. ती खिडकीबाहेरच पाहत होती.

रामधनचा हात दांड्यावर घट्ट झाला. त्याने विचारलं, "काय इचारलं?"

"उठून बसली होती. चांगली बोलत होती. म्हने, बाबा कुठं गेले? म्या सांगतलं, शेडात कोंबड्या शिंकून राह्यल्या, तं आयकाले गेले." खड्डा आला, बस उसळली, तिने पिशवी सावरली. "मंग जरा डोळा लागला तिचा. पुन्हा जागी झाली, तं म्हने, बऱ्या झाल्या काय?"

"कोन?"

"कोंबड्या."

कोणीतरी मागे मोबाईलवर मोठ्याने बोलत होतं. रामधनने मान वळवून बायकोकडे पाहिलं. दीड वर्षात तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते, हे त्याला आत्ता दिसत होतं.

"मंग तू काय म्हनलं?"

"झाल्या म्हनलं."

पिशवीतून शिंक आली, पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"धरा जरा," बेबीताई म्हणाली. "हात अवघडला माहा."

रामधनने दांडा सोडला आणि दोन्ही हातांनी पिशवी आपल्या मांडीवर घेतली.