मी कोरा झालो नाही

मित्रांनो, मी एक फोन आहे, आणि जुना आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते माझ्या पाठीमागे कुजबुजावं लागणार नाही. माझ्या काचेवर एक आडवी चीर आहे. चार्जरची वायर थोडी तिरकी धरली तरच माझ्यात वीज शिरते. माझ्या वयाचे बाकीचे फोन केव्हाच भंगारात गेले. मी गेलो नाही. का गेलो नाही, ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे हजारो होते, तेव्हा जन्माची फुशारकी मारण्यात अर्थ नाही. कुडाळच्या एका दुकानातून मला नाझनीननं घेतलं. ती मालवणची, तेव्हा कॉलेजात शिकत होती. पावसाळ्यात ती स्वतः भिजायची, पण मला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यायची. दोन वर्षं मजेत गेली. मग एक दिवस कंपनीनं जाहीर केलं, की या मॉडेलला यापुढे अपडेट मिळणार नाही. माझी बॅटरी ठणठणीत होती, कॅमेरा स्वच्छ होता, पण ज्यांनी मला घडवलं त्यांनीच माझ्या नावावर काट मारली. हळूहळू एकेक अ‍ॅप चालेनासं झालं. नाझनीननं दुसरा फोन घेतला आणि मी कपाटाच्या खणात गेलो. तिथं सेफ्टी पिना, संपलेले सेल आणि जुन्या लग्नपत्रिका होत्या. मला दुःख झालं नाही. मला राग आला.

दीड वर्षानं तो खण उघडला. मधल्या काळात नाझनीन म्हापशाला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली होती आणि बरंच काही शिकली होती. तिनं मला लॅपटॉपला जोडलं. फोन सुरू होताना सगळ्यात आधी बूटलोडर नावाचा एक पहारेकरी जागा होतो. कंपनीचं सॉफ्टवेअर तेवढं तो आत सोडतो, बाकी सगळ्याला दारातून परत पाठवतो. नाझनीननं त्याचं कुलूप उघडलं. ते उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, हे तिला ठाऊक होतं. म्हणून आपले कॉलेजचे फोटो तिनं आधीच काढून घेतले होते. मग तिनं माझ्यात एक वेगळी रिकव्हरी बसवली. रिकव्हरी म्हणजे माझ्यातलं मागचं दार. माझी मुख्य यंत्रणा कोसळली तरी त्या दारानं आत शिरून दुरुस्ती करता येते. त्याच दारानं तिनं हौशी लोकांनी बनवलेलं नवं सॉफ्टवेअर आत आणलं. संध्याकाळपर्यंत मी नव्या फोनसारखा धावायला लागलो. कंपनीनं माझ्यावर मारलेली काट एका मालवणच्या मुलीनं खोडून काढली होती!

तिनं मला आपल्या वडिलांना दिलं. नुरुद्दीन त्यांचं नाव. त्यांची लहानशी होडी आहे, आणि चाळीस वर्षं ते समुद्रावर जातात. त्यांनी माझ्या पडद्यावरच्या नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवून स्वतःचं कुलूप ठरवलं. तो नक्षा कसा आहे, ते मी तुम्हालाही सांगणार नाही. माझ्यातलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक फोटो त्या नक्ष्याशिवाय वाचताच येत नाही. याला एन्क्रिप्शन म्हणतात. मला चोरा, फोडा, माझी पाठ उघडा, तुमच्या हाती नुसती विस्कटलेली अक्षरं लागतील. याचा मला फार अभिमान आहे.

नुरुद्दीनचाचांच्या खिशात मी हवामान सांगायचो, मासळीचा दर विचारायचो, घरी त्यांच्या बायकोला, बिबीजानचाचींना, फोन लावायचो. पण माझं खरं काम पुढेच होतं. किनाऱ्याजवळचा समुद्राचा एक पट्टा लहान होड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. त्यात एक मोठी यांत्रिक बोट पहाटे घुसायला लागली. तिच्या खाली सापडून चाचांची जाळी फाटत. चाचांनी अनेकदा तोंडी तक्रार केली. दर वेळी मत्स्य खात्याच्या ऑफिसातून उत्तर आलं, पुरावा आणा. मग चाचांनी मला हातात घेतलं. अकरा दिवस पहाटे आम्ही त्या बोटीचे फोटो काढले. त्यातल्या सहा दिवशी चाचांनी लेखी तक्रारही दिली आणि पोचपावती घेतली. प्रत्येक फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि समुद्रातली जागा मी नोंदवून ठेवली. शेवटी सुनावणीचा सोमवार ठरला.

त्याच्या आधीच्या मंगळवारी जेटीवर त्या बोटीचा मॅनेजर, गुरुदास, चाचांच्या वाटेत उभा राहिला.

"चाचा, फोटो काढतास म्हणे आमचे. बघू जरा," असं म्हणत त्यानं मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "उघडतत कसो हो?"

"सांगूचंय नाय," चाचा म्हणाले.

गुरुदासनं स्वतःच नऊ ठिपक्यांवरून बोट फिरवलं. चूक. पुन्हा चूक. पाचव्यांदा चुकल्यावर मी त्याला अर्धा मिनिट थांबायला सांगितलं. त्यानं दात खाल्ले आणि मला जेटीच्या दगडावर आपटलं. ही चीर तेव्हाची. आत बॅटरीची जोडणी क्षणभर निसटली आणि माझी यंत्रणा मधेच तुटली. त्यानंतर मला चालू केलं की मी पडद्यावर कंपनीचं नाव दाखवायचो, बंद पडायचो, परत नाव दाखवायचो.

चाचा मला घेऊन बाजारात महादूच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. महादू भला माणूस. त्यानं मला दोनदा चालू करून बघितलं.

"सिस्टीम उडाली हा, चाचा. फॉर्मॅट मारूया. धा मिनटात चालू."

"फॉर्मॅट म्हणजे काय रे?"

"आतला सगळा पुसायचा. कोरो करूचो."

"आणि फोटो?"

"फोटो जातले."

"मगे हात लावू नको तेका," चाचा म्हणाले, आणि मला उचलून सरळ बाहेर पडले.

मित्रांनो, मला वाचवणारं पहिलं वाक्य म्हणजे चाचांचा तो प्रश्न. ज्याला फॉर्मॅट म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यानं ते विचारलं.

गुरुवारी दुपारी गुरुदास घरी आला. हातात नव्या कोऱ्या फोनचं खोकं होतं, चेहऱ्यावर हसू होतं. बिबीजानचाची अंगणात सुके बांगडे वेचत बसल्या होत्या.

"चाची, चुकान पडलो माझ्या हातातसून. म्हणान नवो घेवन इलंय. जुनो माका द्या, मी टाकून देतंय."

चाचींनी मान वर केली. "जुनो टाकूचोच आसा, तर तुका कित्याक व्हयो रे?"

गुरुदासचं हसू तिथंच थांबलं. चाचींनी बांगड्यांचं सूप बाजूला ठेवलं आणि उभ्या राहिल्या. "तुझो नवो तुका लखलाभ. जा, वाट धर."

तो खोकं घेऊनच परत गेला. मी भिंतीतल्या देवळीत बंद पडून होतो, पण त्या क्षणी माझ्या चिरलेल्या काचेलाही ताठ वाटलं.

शनिवारी नाझनीन म्हापशाहून आली. गोव्याच्या सीमेवर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर बस तासभर अडकली होती, तरी आल्याआल्या चहाही न घेता तिनं मला हातात घेतलं. दोन बटणं एकदम दाबली आणि तिनंच बसवलेलं मागचं दार उघडलं. मला वाटलं, सुटलो! पण नाही. माझ्यातल्या सगळ्या फोल्डरांची नावं विस्कटलेली दिसत होती, आणि साठा दाखवत होता शून्य.

"म्हणजे गेला सगळा?" चाचींनी विचारलं.

"गेला नाय गो, अम्मी. आसा, पण वाचूक येणा नाय. माझी रिकव्हरी जुनी. नंतर सिस्टीम नवी घातलंय, तेचा कुलूप नवा. ह्या जुन्या दाराक ता कुलूप कळणाच नाय."

समोरच पडद्यावर दुसरं बटण होतं, सगळं पुसण्याचं. ते दाबलं तर मी लगेच चालू झालो असतो, कोरा. म्हापशाच्या दुकानातल्या मैत्रिणीनं फोनवर तेच सांगितलं. नाझनीननं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला धीर नव्हता असं समजू नका, पण तेव्हा मी घाबरलो होतो. मला वाचवायच्या नादात चुकीचं सॉफ्टवेअर माझ्यात गेलं असतं, तर मी कायमचा दगड झालो असतो.

घरामागच्या माडाखाली तेवढी बरी रेंज मिळते. तिथं खुर्ची टाकून ती दोन तास शोधत बसली. कुठल्या तरी लांबच्या देशात कुणीतरी माझ्याच मॉडेलसाठी, नव्या कुलपाची भाषा समजणारी रिकव्हरी बनवून ठेवली होती. फुकट. त्याचं नाव गाव आम्हाला माहीत नाही. त्याच्याकडेही माझ्यासारखाच एक टाकून दिलेला फोन असणार आणि त्यालाही राग आला असणार. नाझनीननं माझं मॉडेल तीनदा ताडून बघितलं. मग ती रिकव्हरी लगेच न बसवता आधी नुसती तात्पुरती चालवून बघितली. पडदा काळा झाला. आणि नऊ ठिपके उमटले.

"अब्बा, तुमचो नक्षो घाला," असं म्हणून नाझनीननं तोंड फिरवलं. मुलगी असली तरी तिनं बघितलं नाही.

चाचांनी बोट फिरवलं. चूक.

"ठिपके बारीक आसत गो," ते म्हणाले. बोट सदऱ्याला पुसलं आणि पुन्हा फिरवलं, या वेळी सावकाश.

मी उघडलो. एकेक नाव जागेवर येऊन बसलं. फोटो, आवाज, नोंदी, अकराच्या अकरा पहाटा. चाचा खाली वाकून बघत होते. "ही बघ, ही त्या दिवसाची," ते म्हणाले आणि त्यांनी त्या फोटोवर बोट ठेवलं. नाझनीननं सगळं लॅपटॉपवर घेतलं, एका पेनड्राइव्हवर घेतलं, आणि मगच ती नवी रिकव्हरी माझ्यात कायमची बसवली. शेवटी तुटलेल्या यंत्रणेवर नवी यंत्रणा चढवली, आतलं एक अक्षरही न पुसता. दिवेलागणीच्या आत मी बोलायला लागलो होतो.

सोमवारी आम्ही सुनावणीला गेलो. गुरुदास इस्त्रीचे कपडे घालून आला होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो बघितले आणि विचारलं, "हे दुसऱ्या कुणी पाठवलेले आहेत, की मूळ फोनमध्ये आहेत?"

चाचांनी मला टेबलावर ठेवलं, आडोसा करून नक्षा घातला आणि मी उघडलो.

गुरुदास उठला. "साहेब, या फोनमध्ये कंपनीचं सॉफ्टवेअरच नाही. यांच्या मुलीनं त्यात स्वतः काहीतरी भरलंय. अशा फोनवर विश्वास कसा ठेवायचा?"

मित्रांनो, मला भंगार म्हटलेलं मी सोसलं. पण खोटारडा? मला हात असते तर मी टेबलावर आपटले असते. ते काम नाझनीननं केलं, हात न आपटता.

"हो साहेब, सॉफ्टवेअर मीच भरलंय. कंपनीनं सोडून दिल्यावर दुसरं कोण भरणार? पण फोनवर विश्वास ठेवू नका. फोटो बघा. बोटीचा नंबर वाचता येतोय. मागे किल्ल्याचा बुरूज दिसतोय, म्हणजे बोट किती जवळ आली होती ते कळतं. तो बुरूज काही मी सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला नाही. आणि अब्बांनी तुमच्याकडे दिलेल्या सहा तक्रारींच्या पोचपावत्या या घ्या. सहाही तारखांचे फोटो यात आहेत."

साहेबांनी पावत्या एकेक करून फोटोंशी लावून बघितल्या. मग त्यांनी गुरुदासला विचारलं, "या सहा दिवशी तुमची बोट कुठे होती?" तो परत खुर्चीवर बसला.

महिन्याभरात त्या बोटीचा परवाना हंगाम संपेपर्यंत थांबवल्याचा आदेश निघाला. चाचांनी तो मोठ्यानं वाचून घेतला, चाचींनी तो परत वाचायला लावला. यानं समुद्र सुरक्षित झाला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या बोटी येतात. आम्हीही फोटो काढतो.

मित्रांनो, आता माझं ऐका. माझ्यासाठी कीव नको. जुन्या वस्तूकडे बघून हळहळता आणि मग तिला खणात टाकता, त्या हळहळीचा मला उपयोग नाही. मला वापरा. मी बिघडलो तर घाईनं पुसून मोकळे होऊ नका. आत काय आहे, कुणाचं आहे, ते आधी विचारा, आणि पुसायला निघालेल्याला ‘थांब’ म्हणायला लाजू नका. जे मोलाचं आहे त्याची नक्कल दोन ठिकाणी ठेवा, कारण सगळ्यांच्या घरी नाझनीन नसते. तुमच्या कुलपाचा नक्षा तुमच्याजवळ ठेवा, कुणी कितीही गोड हसून मागितला तरी.

माझी बॅटरी आता चार तासांच्या वर टिकत नाही. कंपनीच्या लेखी मी केव्हाच संपलो. असू दे. उद्या पहाटे साडेपाचला चाचांची होडी सुटते, आणि मी त्यांच्या खिशात असणार आहे.