मला मानवलेले काडतूस

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही बोगद्यासारख्या एका लांबलचक खोलीत पालथे झोपला आहात. कोपरांखाली जाड चटई आहे. कानांवर गुबगुबीत झाकणे आहेत, म्हणून तुम्हाला स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो आहे. पन्नास मीटरवर एक पांढरा कागद टांगला आहे. त्यावर काळे वर्तुळ, आणि वर्तुळाच्या मधोमध एक ठिपका. इथून तो मोहरीच्या दाण्याएवढाही दिसत नाही. तुमचा गाल एका गुळगुळीत लाकडाला टेकला आहे. ते लाकूड म्हणजे मी.

मी एक जुनी रायफल आहे. दचकू नका. मी खेळाची रायफल आहे. आजवर मी कागदाखेरीज कशालाही भोक पाडलेले नाही, आणि त्या कागदामागेही वाळूची जाडजूड भिंत असते. मला एका वेळी एकच काडतूस लागते, तेही करंगळीच्या दोन पेरांएवढे. एवढ्याशा खाण्याचे नखरे ते काय, असे तुम्हाला वाटेल. पण माझी सगळी कहाणी त्या नखऱ्यांचीच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कारागिराने पोलादाच्या सळईला आरपार भोक पाडले आणि भोकाच्या आतून पिळाच्या बारीक खाचा काढल्या. त्या खाचांमुळेच गोळी गिरक्या घेत सरळ जाते. दुसऱ्याने अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता तासला. त्यात नळी बसवताना तो म्हणाला, "ही डावखुरी हं. हिचा बोल्ट डावीकडे लावा." बोल्ट म्हणजे काडतूस आत सारण्याची दांडी. तेव्हापासून मी डावखुऱ्यांची झाले.

नेमबाजीच्या क्लबात मी आले ती एका डावखुऱ्या परिचारिकेच्या हाती. काय दिवस होते ते! ड्यूटी संपली की ती यायची, मला एकाच जातीची काडतुसे द्यायची, आणि आम्ही दोघी कागदाच्या एकाच भोकात पाच-पाच गोळ्या घालायचो. क्लबातल्या काचेच्या कपाटात आमचा चषक आहे. लोक यायचे, माझ्या दस्त्यावरून हात फिरवायचे.

मग तिची बदली झाली. त्यानंतर मी ज्याच्या त्याच्या हाती पडले. कुणाचे उरलेले खोके, कुणाची सांडलेली मूठभर काडतुसे, सगळे माझ्या वाट्याला आले. गोळ्या इकडेतिकडे जाऊ लागल्या. एक दिवस माझ्या गळ्यात चिठ्ठी अडकली, 'पसरवते'. आणि मी कपाटात गेले. कपाटात बरीच वर्षे गेली, मित्रांनो. ती सांगण्यासारखी नाहीत.

दार उघडले ते भिंगरीने. तिचे हे नाव तिच्या आत्याने ठेवलेले. एका जागी ठरेल तर शपथ, अशी अकरा वर्षांची मुलगी. पण चटईवर झोपली की गंमत व्हायची. सगळी भिंगरी थांबायची आणि फक्त डोळा जागा राहायचा. ती डावखुरी होती, आणि क्लबात डावखुरी रायफल एकच होती.

क्लबाच्या मुलांच्या संघात एक जागा रिकामी होती. निवड सहा आठवड्यांनी होती. त्या जागेसाठी दोघांची नावे होती, भिंगरी आणि लांबू. लांबू तेरा वर्षांचा, नावासारखाच उंच, आणि त्याची रायफल माझ्यापेक्षा पुष्कळ नवी.

अडचण खाण्याचीच होती. सामन्यात वापरतात ती महागडी काडतुसे मला त्यातल्या त्यात बरी चालायची. पण ती रोज दहाच परवडायची, आणि लांबू क्लबाची निळ्या खोक्यातली स्वस्त काडतुसे रोज साठ उडवायचा. दहाने हात बसत नाही. आणि ती निळी काडतुसे मला मुळीच मानवत नव्हती.

"तुझी रायफल शिंकते वाटतं," लांबू तिचा कागद पाहून म्हणायचा. "औषध दे तिला."

भिंगरीची आत्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिने हे ऐकले आणि क्लबच्या मिस्त्रींकडे गेली. मिस्त्री म्हणजे आम्हा सगळ्या रायफलींचे डॉक्टर. कानावर पेन्सिल, तोंडात बडीशेप आणि बोलणे तिखट.

"मिस्त्रीकाका, स्वस्तात दुसरं काही मिळत नाही का?"

"मिळतं की. दुकानात चार जाती आहेत. पण ताई, खरं सांगू? हिची नळी गेली आहे. म्हाताऱ्या माणसाला कुठलाही खुराक द्या, दात थोडेच येणार?"

"एकदा देऊन तर बघू."

"बघा. पण सोमवारी हंगामाची मागणी जाते. रविवारपर्यंत ठरलं तर एक पेटी हिच्यासाठी लिहितो. नाहीतर ही चिठ्ठीसकट परत कपाटात."

ऐकलेत? माझे आणि भिंगरीचे नशीब रविवारवर आले होते.

शनिवारी चार रंगांची खोकी मांडली गेली. निळे, हिरवे, पिवळे आणि एक नुसते खाकी. खाकी सर्वांत स्वस्त, त्याच्यावर साधे चित्रही नव्हते. मला वाळूच्या पिशव्यांवर टेकवले, म्हणजे हात हलला ही सबब नको. मी इतकी आनंदात होते की माझा बोल्ट आपसूक सरकेल असे वाटत होते. प्रत्येक जातीच्या दहा गोळ्या उडवायच्या आणि भोके किती जवळ पडतात ते पाहायचे. नेमबाज त्याला ग्रुपिंग म्हणतात. मिस्त्री ते शर्टाच्या बटणाने मोजायचे. बटणाखाली सगळी भोके झाकली तर पास.

पण भिंगरीने एक गोष्ट केली. प्रत्येक खोके उघडण्याआधी ती सळईला चिंधी लावून माझी नळी आतून घासायची. आरशासारखी होईपर्यंत घासायची. "आधीच्याचं काही नको राहायला," ती म्हणायची. किती माया होती त्यात! आणि मला तर ओरडावेसे वाटत होते.

कारण, मित्रांनो, माझ्या काडतुसाची गोळी शिशाची असते आणि तिला मेणाचा पातळ हात दिलेला असतो. कोरड्या, लख्ख नळीतून पहिल्या काही गोळ्या वेड्यावाकड्या जातात. नळीला त्या मेणाचा थर बसला की मग माझा सूर लागतो. हे मला ठाऊक होते. पण रायफलीला तोंड असते ते बोलण्यासाठी नसते.

संध्याकाळी मिस्त्रींनी चारही कागद उजेडात धरले आणि बटण खिशात परत टाकले.

"दहा भोकं, दहा दिशा. पोरी, मी म्हणालो होतो."

लांबू मागून डोकावला. "ही तर चाळणी झाली. पीठ चाळायला ने घरी."

भिंगरीने मला पुसले, नीट कपाटात ठेवले आणि चिठ्ठी मात्र उलटी करून ठेवली.

रविवारी सकाळी कपाटाचे दार इतक्या जोरात उघडले की शेजारची रायफल हलली. आत्या आणि भिंगरी दोघीही धापा टाकत होत्या. आत्याच्या हातात भिंगरीची वही होती. या मुलीला दोन गोळ्यांमध्येही स्वस्थ बसवत नसे. म्हणून ती प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून कागद पाहायची, वहीत ठिपका काढायची आणि ठिपक्याशेजारी आकडा लिहायची.

"मिस्त्रीकाका, हे बघा," आत्या म्हणाली. "काल तुम्ही नुसती भोकं पाहिलीत. कुठलं भोक कितवं, ते हिने लिहिलंय. एक, दोन, तीन, चार, पाच, सगळी उनाड. आणि आठ, नऊ, दहा पाहा."

मिस्त्रींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ही तर शेजारी शेजारी आहेत."

"निळं सोडून बाकी तिन्ही पानांवर तसंच आहे. आमच्या प्रयोगशाळेत नळी बदलली की पहिले थेंब टाकून देतात. या रायफलीची नळी तर भिंगरी दर वेळी धुऊन काढत होती."

मिस्त्रींनी चारही पाने उलटून पाहिली. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि स्वतःच्याच डोक्यात हळूच मारली. "चाळीस वर्षं रायफली दुरुस्त करतोय मी. पोरीने इतकं प्रेमाने पुसलं की मलाच दिसेना. झोप चटईवर, भिंगरे. आज चिंधीला हात लावायचा नाही."

आणि काय सांगू तुम्हाला तो दिवस! प्रत्येक जातीच्या पहिल्या पंधरा गोळ्या नुसत्या वाळूत सोडायच्या, त्या मोजायच्या नाहीत. मग दहा मोजायच्या. निळी आली, पसरली. ती माझी नव्हतीच. हिरवी बरी निघाली. मग खाकी आली आणि नऊ गोळ्या अशा एकत्र बसल्या की मिस्त्रींनी बटण काढलेसुद्धा.

"झालं. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत छान. लिहितो."

"थांबा, दहावी कुठे गेली?" आत्याने विचारले.

दहावी कागदाच्या कोपऱ्यात होती.

"अहो ताई, एखादी जाते तशी. नऊ बसल्या ना?"

"जाऊ दे ना, आत्या," भिंगरीही म्हणाली. "हीच घेऊ. खूप मिळतील."

"आणि उद्या एखादी अशी गेली, तर चूक तुझी की गोळीची, हे कसं कळेल तुला?"

भिंगरीने थोडा विचार केला आणि आणखी दहा उडवल्या. पुन्हा आठ मधोमध आणि दोन भलतीकडे. तिने स्वतःच खाकी खोके बाजूला सारले.

राहिले पिवळे. खाकीपेक्षा थोडे महाग, सामन्याच्या काडतुसांच्या मानाने पुष्कळ स्वस्त. पंधरा वाळूत गेल्या. सोळावीला माझ्या नळीत काहीतरी ओळखीचे झाले. जणू पाय बरोबर मापाच्या चपलेत शिरला. एक, दोन, तीन... दुर्बिणीतून भिंगरीला नवी भोके दिसेनात. तिला वाटले, गोळ्या कागदालाच लागत नाहीत. पण त्या एकाच भोकातून जात होत्या. दहा झाल्यावर मिस्त्रींनी कागद आणला, त्यावर बटण ठेवले आणि बटणाच्या कडेने काहीही दिसेना.

"पोरी," ते हलकेच म्हणाले, "नळी शाबूत आहे. माफी मागायला हवी हिची."

मग त्यांनी खोक्याच्या तळावर छापलेला आकडा दाखवला. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर बनलेल्या काडतुसांचा तो आकडा असतो. रंग तोच पण आकडा वेगळा असला, तर पुन्हा पहिल्यापासून तपासणी. भिंगरीने दुकानदाराला फोन लावला आणि आकडा दोनदा वाचून दाखवला. पलीकडून उत्तर आले. त्या आकड्याची एकच पेटी शिल्लक होती. ती आमची झाली. रोजच्या साठ गोळ्या, सहा आठवडे!

मिस्त्रींनी माझ्या गळ्यातली चिठ्ठी काढून चुरगळली आणि नवी अडकवली, 'पिवळी, स्वस्त, उत्तम'.

मित्रांनो, मी आता म्हातारी आहे, म्हणून दोन शब्द सांगते. एखादी वस्तू नीट चालेना, तर तिला मोडकी म्हणण्याआधी तिला काय मानवते ते शोधा. महाग दिले म्हणजे भले केले असे नसते, आणि स्वस्त दिले म्हणजे हेळसांड केली असेही नसते. माया करताना जरा पाहतही जा. आणि जे पाहाल ते लिहून ठेवा, आकड्यांसकट.

पेटी आली त्या दिवशी शेजारच्या चटईवर लांबू होता. निळी काडतुसे त्याच्या रायफलीतूनही पसरत होती. इतके दिवस तो खांद्याला दोष देत होता. त्याने कागद पाहिला आणि मान खाली घातली.

भिंगरीने पेटी उघडली नाही. तिने हिरवी, खाकी आणि पिवळी उरलेली खोकी गोळा केली आणि त्याच्या चटईशेजारी जाऊन मांडली.

"नळी पुसू नकोस. पहिल्या पंधरा वाळूत सोड. मग मोजू."

लांबूने हातातले निळे खोके खाली ठेवले. "जागा एकच आहे. माहितीये ना तुला?"

"माहितीये. सरक जरा."

तिने दुर्बीण त्याच्या कागदाकडे वळवली, वहीचे कोरे पान काढले आणि वरती त्याच्या रायफलीचा नंबर लिहिला.