तिच्या हातचा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे, पितळेचा. दोन लाकडी मुठी आणि पुढे मिटणारा जबडा, त्यामुळे पाहुणे मला पक्कड समजतात. समजोत बापडे! माझ्या जबड्यात एक गोल पोकळी आहे. तिच्यात वितळलेले शिसे ओतले, की ठासणीच्या रायफलीची एक गोळी तयार होते.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी मला घडवले. त्यांच्या यजमानांना नेमबाजीचा भारी नाद. सुट्टीच्या दिवशी मैदानावर कागदी निशाण लावून ते नेम धरत. बाईंनी आधी त्यांच्या रायफलीच्या नळीतून मऊ शिशाचा गोळा ठोकून बाहेर काढला, त्यावरून नळीचे माप घेतले आणि माझी पोकळी त्याहून केसभर लहान कोरली. ती केसभर जागा तेल लावलेल्या कापडाची. त्या कापडात गुंडाळूनच गोळी ठासायची असते. गोळी मोठी झाली तर वाटेत अडकते. लहान झाली तर नळीतल्या पेचदार खाचांना जुमानत नाही आणि भरकटते.

"आपल्या संसारासारखंच आहे हे," बाई म्हणायच्या. "फार घट्ट नको, फार सैल नको."

माझ्या गोळ्या निशाणावर एकीशेजारी एक बसत. कोणी विचारले, "साचा कुठून आणलात?" की नेमबाज छाती फुगवून सांगत, "घरचा आहे." मीही मनातल्या मनात फुगत असे.

मग बाई आजारी पडल्या. एके दिवशी त्यांनीच नवऱ्याला बळेबळे मैदानावर पाठवले. ते दोन-चार बार काढतात न काढतात तोच दवाखान्यातून निरोप आला. रायफल तशीच कपाटात टाकून ते धावले. बारुदाची काजळी त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावी लागते, हे त्यांना का ठाऊक नव्हते? पण बाई गेल्या आणि ते कपाट कितीतरी दिवस कोणी उघडलेच नाही. नळी आतून गंजली.

दुसऱ्या एका कारागिराने गंज खरवडून खाचा नव्याने पाडल्या. नळी लखलखली, पण रुंदावली.

"साचापण द्या," तो म्हणाला. "पोकळी जराशी वाढवतो. नाहीतर गोळ्या आत खुळखुळतील."

"त्याला हात लावायचा नाही," नेमबाज म्हणाले. "तिच्या हातचा आहे तो."

मला तेव्हा ओरडावेसे वाटले. पण पितळेला कुठला आवाज? मी पूर्वीच्याच मापाच्या गोळ्या देत राहिलो आणि त्या सैरावैरा जात राहिल्या. नेमबाजांनी जाड कापड वापरून पाहिले, पण ते नळीतच फाटायचे. सोबती आधी हसले, मग कीव करू लागले. ती कीव त्यांना सोसवली नाही. त्यांनी मैदान सोडले आणि एक दिवस रायफल एका अनोळखी माणसाला देऊन टाकली. मी मात्र घरीच राहिलो, काचेच्या कपाटात. रोज सकाळी ते मला मऊ फडक्याने पुसतात.

परवा त्यांची मुलगी माहेरी आली होती. तिने मला हातात घेतले, जबडा उघडला आणि पोकळीत बोट फिरवले.

"आई असती ना, तर तिनं स्वतःच हा कोरून मोठा केला असता," ती म्हणाली.

नेमबाजांनी मला तिच्या हातून घेतले. मग म्हणाले, "हे तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते, बाबा. तुम्ही साचा पुसत होतात."

मित्रांनो, रायफल घरात होती तेव्हाच ती हे खरेच बोलली होती. मी तेव्हा त्यांच्या हातातच होतो. म्हणून विनवतो, आपल्या माणसाच्या हातची वस्तू जपा, पण तिला कामाला लावा. त्यासाठी ती थोडी कापावी लागली, तर बिनदिक्कत कापा. आतून कोरले असते, तरी मी बाईंचाच राहिलो असतो.

आज सकाळीही त्यांनी मला पुसले. या वेळी त्यांनी जबडा उघडला, आत पाहिले आणि हळूच मिटला. गोळी ठासायला आता रायफलच नाही.