बंपरमागची नळी

गाडीचा आवाज बदललाय, हे घरात फक्त तिलाच ऐकू येत होतं.

फिजिओथेरपिस्टचं काम तिचं. दिवसभर घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले गुडघे आणि खुबे हलते करायचे. मागच्या सीटवर रबरी पट्टे, चेंडू, वजनाच्या पिशव्या; गाडी म्हणजे तिचा फिरता दवाखानाच. पूर्वी चढावर ही गाडी नुसती कण्हायची. आता ॲक्सिलरेटर दाबला की पुढून कुणीतरी जोरात श्वास ओढल्यासारखा हूऽऽ आवाज यायचा.

"तुझे कान वाजतायत," नवरा म्हणाला.

"पावसाळी हवा आहे, आवाज घुमतो," म्हणून सासरे पेपरात तोंड खुपसून बसले. आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवलेला माणूस. यंत्राचा विषय निघाला की एरवी त्यांना आवरावं लागायचं. हे गप्प बसतात म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालतायत, हे तिनं ताडलं. आणि ते कुणाला घालणार? धाकट्या लेकालाच. दिरानं नुकतीच दोन दिवसांसाठी गाडी नेली होती. त्याच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरपायी अख्खी गल्ली एकदा भांडायला आली होती.

"भाऊजी, गाडी कुठं ठोकलीत का?" तिनं फोनवर सरळच विचारलं.

"वहिनी, धुऊन परत दिली मी! माझं नशीबच फुटकं."

धुऊन दिली, म्हणजे काहीतरी लपवलं. तिच्या मनातली पाल आणखीच चुकचुकायला लागली.

त्या दुपारी पावसानं नुसता ताल धरला होता. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींकडे तिला जायचं होतं. ती चपला घालत असताना सासरे दारात येऊन उभे राहिले.

"आजच जायला हवं का?"

"हो बाबा. आजींना आज पहिल्यांदा उभं करायचंय."

"मग रिक्षानं जा की. पुलाखाली पाणी असेल."

गाडी न्यायला कधी नव्हे ते अडवतायत! तिला वाटलं, धाकट्याला पुन्हा गाडी हवी असणार. तिनं किल्ली उचलली.

पुलाखाली पाणी होतं, पण फार नाही; घोट्याच्या जरा वर. पुढची रिक्षा आरामात पार झाली. एक जुनाट टॅक्सीही गेली. तिनं गाडी घातली. मध्यावर समोरून टेम्पो आला, त्यानं उडवलेली लाट बंपरवर आदळली, गाडीनं एक ठसका दिला आणि बंद पडली. तिनं घाईघाईनं पुन्हा किल्ली फिरवली. आतून टक् असा एकच आवाज आला, हातोडी बसल्यासारखा. मग काहीच नाही.

चार लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली. ती भिजलेल्या पायांनी रिक्षा करून आजींकडे गेली, त्यांना उभंही केलं, पण लक्ष सगळं त्या टक्‌पाशी होतं.

संध्याकाळी गॅरेजात मिस्त्रीनं पुढचा बंपर उतरवला. आत, अगदी खाली, एक चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला लाल शंकूसारखा फिल्टर. त्यातून पाणी ठिबकत होतं.

"हे माझ्या गाडीत काय करतंय?"

मिस्त्री हात पुसत राहिला. "ताई, कंपनीचा फिल्टर वर असतो, डब्यात बंद. हा खाली बसवला की गार हवा जास्त मिळते, गाडी चढावर पळते. पण पाणी आलं की हवेऐवजी पाणीच ओढते. इंजिनात हवा दाबली जाते, पाणी काही दाबलं जात नाही. आतला पिस्टनचा दांडा वाकला असणार. त्यात तुम्ही परत स्टार्टर मारलात."

"म्हणजे तुम्हाला सगळं माहितीये. तुम्हीच बसवलंय!"

"बसवलं. पाण्यात नेऊ नका, हेही बजावून सांगितलं होतं."

"कुणाला?"

"घरच्याच माणसाला. नाव मात्र घेणार नाही, शब्द दिलाय."

आता शंकेला जागाच उरली नाही. तिनं दिराला घरी बोलावून घेतलं आणि तो पायपुसण्यावर उभा असतानाच त्याची हजेरी घेतली. सायलेन्सरच्या भांडणापासूनचं सगळं उकरून काढलं. तो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला.

"तुला मी इतका बेजबाबदार वाटतो, वहिनी?"

"त्याला बोलू नकोस," सासरे खिडकीपाशी बसल्याबसल्याच म्हणाले. "मी बसवलं ते."

"मागं चढावर ट्रकवाला हॉर्न मारत होता ना तुला, तू म्हणालीस, गाडीत जीवच उरला नाही. तू झोपलेली असताना मी सकाळी गाडी नेली. म्हटलं, मला तरी दुसरं काय करता येतं तुझ्यासाठी?"

"आणि पाण्यात नेऊ नका, हे का नाही सांगितलंत?"

"ते सांगितलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं." ते चष्मा पुसत राहिले. "पावसानं जोर धरायच्या आत काढून टाकणार होतो."

तिला एवढा राग आला होता की ती आतल्या खोलीत निघून गेली. रात्री जेवताना तिनं दिराची माफी मागितली. "पुढच्या वेळी मी खरंच काहीतरी करीन, म्हणजे हे बोलणं वाया जायला नको," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. सासऱ्यांशी मात्र ती मोजकंच बोलत राहिली. त्या टक्‌मध्ये आपलाही हात होता, हे तिला ठाऊक होतं, तरीही.

इंजिन उघडून दांडा बदलून गाडी परत यायला बरेच दिवस गेले. कंपनीच्या फिल्टरचा जुना डबा सासऱ्यांनी माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला होता, तोच पुन्हा बसला. तरी तिचा संशय काही जाईना. रोज निघण्याआधी ती बॉनेट उघडून आत डोकावायची. वरच्या खिडकीतून सासरे ते बघायचे आणि आत वळायचे.

एका सकाळी तिनं फिल्टरचा डबाही उघडून पाहिला, तर त्याची क्लिप परत लागेचना. दाबली, वळवली, नख तुटलं. तिनं वर पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं.

"बाबा," तिनं हाक मारली, "जरा खाली येता का? ही क्लिप बघा."

जिन्यावर लगबगीनं पावलं वाजली.