जोसीच्या कॉडलचं झाकण

मी झाकण बोलतोय. भांडं नव्हे हं, नुसतं झाकण. भांड्याचं कौतुक साऱ्या जगाला. त्यात काय शिजलं, किती शिजलं, कुणी शिजवलं, सगळी चौकशी त्याची. मला कोण विचारतो? उचललं, उलटं ठेवलं, विसरले. पण खरं सांगू का, शिजण्यातलं निम्मं सुख माझ्याच वाट्याला येतं. खालून ऊब, वरून माणसांच्या गप्पा, आणि मधे मी वाफेत अर्धवट झोपलेला. ऐकलेलं खरं की स्वप्नातलं, हे मलाही पुष्कळदा कळत नाही.

माझा रंग पांढरा, कडेला निळी रेघ. मूठ केव्हाच निखळली, तिथे दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ स्क्रूने बसवलंय. माझं मूळचं भांडं तळाला भोक पडून गेलं आणि मी डब्लिनच्या एका रस्त्यावर जुन्या बाजाराच्या हातगाडीवर येऊन पडलो. तिथून जोसीने मला उचललं. तिच्याकडे बिनझाकणाचं भांडं होतं. मी त्यावर नीट बसायचो नाही, एका बाजूला जरासा अधांतरी राहायचो. जोसी म्हणाली, "चालायचंच. माझं आणि फिंटनचं तरी कुठे नीट बसलंय?" फिंटन म्हणजे तिचा नवरा. तो बंदरावर कोळसा उतरवायचा. त्याने हसून तिच्या नाकाला काळं बोट लावलं. मी त्या घरातला झालो तो असा.

घर म्हणजे एकच खोली. जुन्या मोठ्या इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, मागच्या अंगाला. खिडकीतून धुराडी दिसायची, समुद्रपक्षी कौलांवर भांडायचे, आणि बिअरच्या कारखान्यातून भाजलेल्या जवाचा वास सगळ्या मोहल्ल्यावर पसरायचा. त्या वासाने मला नेहमी झोप यायची.

गुरुवार माझा. चर्चच्या नियमाने शुक्रवारी मांस खायचं नाही, म्हणून घरात उरलंसुरलं सॉसेज आणि बेकन गुरुवारीच संपवायचं. जोसी तळाला कांदा घालायची, त्यावर बेकनचे तुकडे, त्यावर सॉसेज, वर जाड कापलेले बटाटे. पांढरी मिरपूड, मूठभर पार्सलीचा पाला, बेताचं पाणी. बस्स, हेच कॉडल. परतणं नाही, तळणं नाही, ढवळणं तर नाहीच. मग मला वर ठेवायची आणि आच अगदी बारीक करायची.

"झाकण बोललं पाहिजे," ती लेकीला सांगायची, "पण ओरडता कामा नये. ओरडलं की समज, बटाट्याचा लगदा झाला."

लेक म्हणजे कार्मेल, आठ वर्षांची. ती माझ्याजवळ कान आणून ऐकत बसायची. मी टिक म्हणायचो, थोड्या वेळाने पुन्हा टिक. खाली कांदा विरघळत असायचा. बटाटे मातीतल्या गोष्टी सांगताहेत असं मला वाटायचं, आणि मिरपूड दूरच्या जहाजांच्या. आणखी एक नियम होता त्या घरात. घरातलं शेवटचं माणूस आत येईपर्यंत मला कुणी हात लावायचा नाही. फिंटनला कितीही उशीर होवो. कॉडल हे वाट बघणारं जेवण आहे. बारीक आचेवर ते तासन्‌तास थांबतं आणि थांबून जास्तच गोड होतं.

मग जोसी खोकायला लागली. आधी थंडीने म्हणाली, मग धुराने. मग तिला टेकडीवरच्या रुग्णालयात नेलं, आणि वसंतात ती गेली. त्यानंतर कित्येक गुरुवार मी खिळ्याला टांगलेला होतो.

कार्मेल जेवेना. हट्ट नव्हता तो. घास तोंडात घ्यायची आणि विसरून जायची. फिंटनने पाव देऊन पाहिला, अंडी देऊन पाहिली. शेवटी एका गुरुवारी त्याने मला खिळ्यावरून काढलं. बिचाऱ्याने सॉसेज आधी तव्यावर छान लालबुंद परतली. जहाजांवर तशी खाल्ली होती ना त्याने! पोरीने आत पाहिलं आणि म्हणाली, "ही आपली नाहीत, बाबा."

पुढच्या खेपेला शेजारणी मदतीला आल्या. हॅल्पिनकाकू म्हणाल्या, "थोडं गाजर घाल रे, रंग येतो."

ट्यूटकाकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "गाजर? कॉडलमध्ये? हॅल्पिनबाई, देवाला तरी भ्या!"

"आमच्या घरी तीन पिढ्या घालतात!"

"तरीच तुमच्याकडे कुणी जेवायला येत नाही."

दोघी भांडत जिन्यापर्यंत गेल्या, तोवर आच मोठीच राहिली. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो, पण कुणाचं लक्ष जाईल तर शपथ. तळ करपला. फिंटन करपलेल्या भांड्यापुढे बसून राहिला आणि कार्मेलने येऊन त्याच्या पाठीवर थोपटलं. आईविना आठ वर्षांची पोर बापाची आई होऊ पाहते, ते मला बघवेना.

अशात विनी मावशी आली. जोसीची थोरली बहीण. लग्न करून लांब वेक्सफर्डकडच्या गावी गेलेली. गाईगुरं, मोठं घर, मूलबाळ नाही. दारातूनच तिने कार्मेलकडे पाहिलं आणि तिचा आवाज चढला.

"फिंटन, पोर वाळून काडी झालीय! डोळे फुटले का तुझे?"

"बघतोय ना मी, विनी."

"नुसतं बघून पोट भरतं होय? तू पहाटे बंदरावर जाणार, हिला कोण घालणार खायला? या काकवा? त्या गाजरावरून एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत." मग ती जरा थांबली. "हे बघ, येत्या गुरुवारी मी पुन्हा येते. पोर धड जेवताना दिसली, तर राहू दे तुझ्यापाशी. नाहीतर संध्याकाळच्या बसने माझ्याबरोबर येईल. दूध आहे, लोणी आहे, जीव लावणारं माणूस आहे. जोसीची शपथ, मी तुला छळायला बोलत नाही."

तिचं चुकीचं नव्हतं, हेच फिंटनला खुपत होतं.

त्या गुरुवारी त्याने उजाडायच्या आत भांडं लावलं. कांदा, बेकन, सॉसेज, बटाटे. परतणं नाही. पुटपुटत, जोसीचा एकेक शब्द आठवत. तेवढ्यात खालून कुणी हाक मारली, कोळशाची बोट लागली होती. आज नाही म्हटलं तर उद्या मुकादम नाव पुकारणार नाही. फिंटनने खिशातल्या पेन्या भिंतीवरच्या गॅसच्या मीटरमध्ये टाकल्या; जेवढी नाणी टाकावीत तेवढाच गॅस मिळायचा. हॅल्पिनकाकूंना दुपारी शेगडी पेटवायला सांगितलं. म्हणाला, "आणि काकू, गाजर नको!"

"नाही रे बाबा, नाही," काकू म्हणाल्या. दुपारी त्यांनी शेगडी पेटवली, गाजर खरंच घातलं नाही, पण सुस्कारा टाकला तो मी ऐकला.

मी बोलू लागलो. टिक. टिक. किती दिवसांनी! वाफ चढली आणि माझे डोळे मिटले. वाटलं, जोसी खिडकीशी बसून मोजे रफू करतेय.

जाग आली ती विनी मावशीच्या आवाजाने. तिने ओली शाल खुर्चीवर टाकली होती. कार्मेल शाळेतून आली होती. फिंटनचा पत्ता नव्हता.

"बाप कुठाय तुझा?"

"बोटीवर."

"आज तरी वेळेवर यायचं होतं. चल, तू खाऊन घे. मी बघते तू किती खातेस."

मावशीने माझ्याकडे हात केला. आणि त्याआधी कार्मेलचा हात माझ्यावर येऊन बसला. रीळ तापलेलं होतं, तिला चटका बसला असणार. तिने हात काढला नाही.

"बाबा आल्याशिवाय झाकण काढायचं नाही."

"अगं, तो कधी येईल देव जाणे. गुत्त्यात बसला असेल."

"बाबा गुत्त्यात नाहीये."

"आणि आपली बस सहाची आहे, सोन्या."

"जाऊ दे बस. झाकण काढायचं नाही. आई काढायची नाही."

विनी मावशी खुर्चीवर बसली. पावसाने काच वाजत होती, खोलीत अंधारून येत होतं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मावशी हळूच म्हणाली, "आमची आईसुद्धा काढू द्यायची नाही. जोसी चोरून उचलायची आणि फटके मी खायची." कार्मेल हसली. वसंतापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं.

बरोबर तेव्हा माझ्या अंगाखालची ऊब कमी व्हायला लागली. मीटरमधल्या पेन्या संपत आल्या होत्या. ज्योत आखडली, निळी झाली, लवलवू लागली. मी टिक म्हणायचा थांबलो. कार्मेलला कळलं. तिने मीटरकडे पाहिलं, मग मावशीकडे, पण मागितलं काही नाही. बाहेर कुठेतरी घंटा झाली. मावशीने उठून शाल खांद्यावर घेतली आणि पिशवी उचलली. आता ही पोरीचा कोट काढणार आणि जिना उतरणार, असं मला वाटलं. सगळं गार होईल आणि फिंटन रिकाम्या खोलीत येईल. देवा, मी कधी कुणासाठी प्रार्थना केली नव्हती, ती तेव्हा केली.

मावशीने पिशवी उघडली, एक पेनी काढली आणि मीटरमध्ये टाकली. मग आणखी एक. ज्योत भपकन वर आली. ती बोटाने बेताने कमी करत मावशी वाकून माझं ऐकत राहिली, थेट जोसीसारखी. मी टिक म्हणालो. तिने शाल पुन्हा खुर्चीवर टाकली.

सहाची बस गेली.

फिंटनची पावलं जिन्यावर वाजली ती फार सावकाश. दोघी गेल्याच असणार, असं धरून तो चढत होता. दाराबाहेर बराच वेळ उभा राहिला. मग दार ढकललं, तर आत दिवा आणि दोघी. कोळशाने काळा झालेला तो, आणि गालावरून पांढरे ओघळ. पाऊसही असेल.

"काय उशीर हा, बाबा!" कार्मेल ओरडली. "टोपी काढ लवकर. मला भूक लागलीय!"

मग तिने स्वतः मला उचललं. काय वाफ निघाली! मला टेबलावर उलटं ठेवलं आणि तिथून मी पडल्या पडल्या चमच्यांचे आवाज ऐकत राहिलो. सॉसेज पांढरीफटक होती, जशी हवी तशी. मीठ जरा कमीच होतं. पोरीने वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. कुणी तिला खा म्हटलं नाही. फिंटनचा घास हातातच राहिला होता.

पोर पेंगायला लागल्यावर विनी मावशी म्हणाली, "फिंटन, मी सगळ्यांना सांगत होते, पोरीच्या भल्यासाठी चाललेय म्हणून. खोटं नव्हतं ते. पण आमचं घर फार मोठं आहे रे. संध्याकाळ झाली की घड्याळाशिवाय कुणी बोलत नाही. मला ती हवी होती. माझ्यासाठी."

"ठाऊक होतं मला."

"मग तोंडावर बोलला का नाहीस, मेल्या?"

"तुला लागलं असतं."

मावशी रडली. अगदी मोकळं रडली. फिंटनने तिला आपला रुमाल दिला, तो इतका काळा होता की ती रडता रडता हसली.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच निघाली. कार्मेलने मला आणि भांड्याला घासूनपुसून तिच्यापुढे आणून ठेवलं. "मावशी, तुझ्याकडे आईचं काहीच नाहीये ना? हे ने. आम्हाला हॅल्पिनकाकू देतील एक."

जोसीची खोली, खिडकी, तो जवाचा वास, सगळं सोडायचं म्हणून माझा जीव कासावीस झाला. पण मनात म्हटलं, पोर राहतेय ना? मग मी जातो.

आता मी वेक्सफर्डच्या त्या मोठ्या स्वयंपाकघरात असतो. भांड्याच्या तळालाही पुढे बारीक भोक पडलं, आता त्यात कोंबड्यांना दाणे घालतात. मी ताकाच्या बादलीवर झाकलेला असतो आणि मांजर माझ्यावर बसतं. कडेचे पोपडे निघालेत. कार्मेल दर उन्हाळ्यात यायची, अजून येते, आता तिची मुलंही येतात आणि मोठ्या घरात बोलायला घड्याळाला उसंत मिळत नाही. तुम्हाला माझं एवढंच मागणं की शिजणाऱ्या भांड्यावरचं झाकण सारखं उचलून बघू नका हो. आत त्याचं त्याचं चाललेलं असतं.

आता डोळे मिटताहेत. मिटले की बहुतेक वेळा मला ती बसच दिसते.

पिशवीत आम्ही मावलो नव्हतो. म्हणून मावशीने आम्हाला आपल्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं, दोन्ही हातांनी धरून. शहर मागे पडलं, काचेवर धुकं आलं, बस हळूहळू डोलायला लागली. कंडक्टर तिकिटं देत आला. शालीतलं गाठोडं पाहून हसला आणि म्हणाला, "मांडीवरच्या लेकराला तिकीट नाही हं, बाई."

मावशी खाली बघत राहिली. मग तिने शालीचं टोक ओढून मला नीट झाकलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "आत्ताच झोपलंय."