खालच्या फांदीची काडी

सूछिनला नात झाली, त्याच वर्षी तिच्या माहेरचं गाव कारखान्यासाठी उठवायचं ठरलं. घरांबरोबर तिच्या आईनं दारात लावलेलं गिंकोचं झाडही जाणार होतं. बी लावून गिंको वाढवला तर नर की मादी हे कळायलाच वीस वर्षं लागतात, आणि बिया येतात त्या मादीलाच. म्हणून चीनमध्ये ताइशिंगकडचे लोक चांगल्या झाडाची काडी आणून कलम करतात. सूछिनच्या अंगणात कलमासाठी वाढवलेला खुंट तयार होता, आणि त्यावर तिला आईच्याच झाडाची काडी हवी होती.

अडचण भावाची होती. आई गेली तेव्हा बाओगननं निरोप उशिरा धाडला. सूछिन पोचली तोवर सगळं आटोपलेलं. त्यानंतर अठरा वर्षं तिनं माहेरची पायरी चढली नाही. तरी या वेळी तिनं सुनेला फोन करायला लावला. चार दिवसांनी बसवाल्याच्या हाती ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या सात काड्या आल्या. सोबत चिठ्ठी नव्हती.

शेजारच्या छ्यान म्हाताऱ्यानं कलम बांधलं. ते धरलं, पण फुटवा काही वर जाईना. वर्षभरात तो भिंतीकडे आडवाच पसरत गेला. छ्याननं पाहिलं आणि हसून म्हणाला, "ही खालच्या फांदीची काडी, वहिनी. शेंड्याची हवी होती. आता हे सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं आडवं पडून राहणार."

सूछिनला ते लागलं. भावानं मुद्दाम केलं, असं तिच्या मनानं घेतलं. कामं टाकून ती बसनं निघाली. गाव पाडलं होतं, झाडही गेलं होतं. बाओगन आता तालुक्याला चौथ्या मजल्यावर राहत होता. दार उघडायला त्याला बराच वेळ लागला. दोन्ही हातांत काठ्या होत्या.

ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "दादा, द्यायचीच होती तर शेंड्याची द्यायची."

"शिडी लावली होती गं. दुसऱ्याच पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. मग खुर्चीवर बसून हात पोचला तेवढं कापलं."

"कुणाला तरी चढवायचं."

"आईचं झाड. दुसऱ्याच्या हातानं काढावंसं वाटेना."

सूछिन आत गेली आणि तिनं गॅसवर पाणी ठेवलं. आईच्या निरोपाचा विषय त्या दिवशी दोघांनीही काढला नाही, पुढेही कधी काढला नाही. तिनं झाडाचंच विचारलं. बांबू रोवून बांधलं तर सरळ होईल का? तो म्हणाला, होईल, पण गाठ दर वसंतात सैल करावी लागते, नाहीतर साल कापते.

ती गाठ सैल करायला तो स्वतःच यायला लागला. काठ्या टेकत बसमधून उतरायचा, अंगणात स्टुलावर बसायचा. सूछिन फांदी वर ओढून धरायची आणि तो जुन्या सदऱ्याच्या चिंध्यांनी बांधायचा. "घट्ट नको," "अजून थोडं वर," एवढंच बोलणं. एकदा ती म्हणाली, तुझे पाय आधी बांबूला बांधायला हवेत. तो इतका हसला की गाठ सुटली.

सातव्या वसंतात आडव्या फांदीच्या पाठीवरून एक कोंब नीट उभा निघाला. बाओगननं बोटानं दाखवला. दोघांनी मिळून बांबू त्या कोंबाकडे सरकवला आणि आडवा भाग हळूहळू छाटायचं ठरवलं.

त्याच वर्षी, २०११ च्या नोव्हेंबरात, बाओगन वारला. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता.